सातवा रकाना

पत्र आलं तेव्हा मसुदाकारांनी ते एकदा उभ्याने वाचलं, एकदा बसून वाचलं आणि जाड शब्दकोशाच्या पोटात ठेवून दिलं. त्याला आता चार वर्षं झाली होती. उत्तर लिहायला त्यांनी घेतलंच नव्हतं असं नाही. ‘आपले पत्र मिळाले’ एवढं एकदा लिहून झालं होतं. पुढे ‘वाईट वाटले’ लिहावं की ‘दुःख झाले’, या घोळात सबंध दुपार गेली आणि शेवटी कागद फाडला गेला. सगळा जन्म सरकारी कायद्यांचे मसुदे लिहिण्यात गेलेला माणूस, पण चार ओळींच्या पत्रापुढे त्यांनी हात टेकले.

पत्रातलं अक्षर वाकडंतिकडं होतं. सुरुवातच अशी होती: ‘हे डाव्या हाताने लिहीत आहे. वाचायला त्रास होईल, समजून घ्या.’

लिहिणारी एक शिवणकाम करणारी बाई होती. तिचा थोरला भाऊ नदीच्या पुलाजवळ वजनकाट्यावर कामाला होता. वाळूचे ट्रक तिथे वजनाला थांबत. एका दुपारी वाळूच्या टोळीतल्या माणसांनी एका ड्रायव्हरला केबिनमधून खाली ओढलं आणि जॅकच्या दांड्याने त्याचं डोकं फुटेपर्यंत मारलं, फुटल्यावरही मारलं. भावाने ते काट्याच्या खिडकीतून पाहिलं आणि पोलिसांना जबाब दिला. त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी, सकाळी नऊ वाजता, चार जण त्यांच्या गल्लीत शिरले.

‘त्यांनी कोणालाच घर विचारलं नाही,’ तिने लिहिलं होतं. ‘सरळ पाण्याच्या टाकीखाली आले. एकाच्या हातात कागद होता. त्याने वाचलं, निळा दरवाजा, टाकीखाली, बरोबर. मग घडी घालून कागद खिशात ठेवला. दादा दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण होता. पहिला कोयता खांद्यावर बसला, तेव्हा दादा म्हणाला, अहो थांबा, काहीतरी चूक होतेय. दुसऱ्या घावाला मी त्याच्या डोक्यावर हात धरला. माझी तीन बोटं गेली आणि तो घाव तरीही डोक्यापर्यंत पोचलाच. दादा उंबऱ्यापर्यंत सरपटत गेला. तिथे त्यांनी त्याला उताणा केला. साबण सगळा लाल झाला होता.’

आणि शेवटी: ‘आम्ही त्या घरात दोनच महिन्यांपूर्वी राहायला आलो होतो. नवा पत्ता दादाने कामावरसुद्धा दिला नव्हता. फक्त जबाबात सांगितला होता. कचेरीत विचारलं तर म्हणाले, ज्याने नियम लिहिले त्यालाच विचारा. पुस्तिकेच्या शेवटी तुमचं नाव आहे. तर तो कागद त्यांच्या हातात कसा गेला, तेवढं मला लिहून कळवा.’

शिवी नव्हती, शाप नव्हता. तो असता तर मसुदाकारांना सोपं गेलं असतं. कारण कागद कसा गेला, हे त्यांना पत्र वाचता वाचताच कळलं होतं.

नदीच्या अलीकडे एक सरकार आणि पलीकडे दुसरं. गुन्हेगार इकडे खून पाडून पूल ओलांडत आणि तिकडे निवांत पाय पसरून बसत. म्हणून दोन्ही सरकारांनी करार केला: इकडच्या साक्षीदाराचा जबाब आठ दिवसांत तिकडच्या कोर्टात पोचवायचा. कराराचा मसुदा मसुदाकारांचाच. जबाबाचा तक्ता मात्र जुनाच, इकडे चाळीस वर्षं वापरात असलेला. त्यातला सातवा रकाना शेवटचा, अगदी तळाशी: राहण्याचे ठिकाण व जवळची खूण.

चाळीस वर्षांत त्या रकान्याने इकडे कोणाचा जीव घेतला नव्हता, आणि त्याला कारण होती एक कात्री. इकडच्या कोर्टातला कारकून आरोपीला जबाबाची नक्कल देण्याआधी कात्रीने खालची पट्टी कापून टाकी. त्याच्या आधीचा कारकूनही कापी, त्याच्याही आधीचा. असं करा म्हणून कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. नवा कारकून आला की जुना त्याच्या हातात किल्ल्या देई आणि कात्री देई, बस्स. पलीकडे अशी कात्री नव्हती. पलीकडे आरोपीला सगळे कागद जसेच्या तसे द्यायचे असा कायदा होता, आणि त्यांनी तो पाळला.

आता हे मसुदाकारांच्या ध्यानात आलं नव्हतं का? आलं होतं. सही व्हायच्या आधी जोडीचं वाचन झालं होतं. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट फिरवत जायचं. वाचणारा त्यांचा रोजचा जोडीदार होता. परिशिष्टं वाचायची नाहीत ही तिथली रीत. तक्ते आले की वाचणारा “परिशिष्टं जुनीच” म्हणे आणि पान उलटे. तसं त्याने उलटलं आणि मसुदाकारांचं बोट सातव्या रकान्यावर अडलं. पुढे दोन्ही सरकारांची बडी मंडळी बसलेली, फोटोवाले खोळंबलेले. मसुदाकारांनी बोट वर केलं.

“बोला,” अध्यक्ष म्हणाले.

पन्नास माना त्यांच्याकडे वळल्या. मसुदाकारांनी बोट खाली घेतलं.

“काही नाही. जरा पाणी मिळेल का?”

सगळे हसले. पाणी आलं. सह्या झाल्या.

*

आणि आता चार वर्षांनी त्या जोडीदाराचा फोन आला. तो मधल्या काळात सचिव झाला होता.

“काय स्वल्पविराम, तब्येत काय म्हणते?” तो म्हणाला. कचेरीत मसुदाकारांना हेच नाव होतं, कारण बोलता बोलता ते थांबत आणि पुढचं वाक्य बरेचदा येतच नसे. “करार सुधारायला घेतलाय. दोन्हीकडची संयुक्त समिती उद्या आपल्याकडे बसतेय. सकाळी लोकांच्या सूचना, दुपारी सह्या. तुम्ही या. एक छोटंसं काम आहे.”

“आता मी काय... निवृत्त माणूस...”

“गाडी पाठवतो.”

फोन ठेवला तेव्हा बायको दारात उभी होती. “त्या पत्राबद्दल आहे का?” तिने विचारलं.

“कुठल्या?”

“अहो, त्या शब्दकोशातून मी दर महिन्याला धूळ झटकते. कुठल्या म्हणे!” ती म्हणाली. “चार वर्षांत तुम्ही तो शब्दकोश एकदाही उघडला नाहीत. एखादा शब्द अडला की मला विचारता. मला काय कळत नाही?”

मसुदाकार चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या फाटकावर जुना दरवान भेटला. फाटकाच्या फळ्यावर बोलणाऱ्यांची यादी लावलेली होती, नाव, गाव आणि क्रमांक. दरवान एका हाताने ती सरळ करत होता.

“या साहेब, या! म्हटलं, आज नवा कायदा निघणार तर स्वल्पविराम हवाच.” तो दात काढून हसला. “आत तपासणी यंत्र बसवलंय, बरं का. कालपासून बंद आहे. तुम्ही आपले यंत्रातून जा, मानाने.”

मसुदाकार बंद यंत्रातून मानाने गेले.

सचिवांनी दार लोटून घेतलं. एक कागद पुढे सरकवला. “पलीकडे त्या वजनकाट्याच्या प्रकरणात दोघे पकडलेत. दोघे अजून मोकाट आहेत. पकडलेले म्हणतात, आम्हाला त्याचं घरच माहीत नव्हतं, मारणार कसे? भावाबहिणीचंच काही भांडण असेल. तिकडचं कोर्ट आपल्याला विचारतंय, पत्ता असलेला जबाब तुम्ही पाठवला होता का?”

“पाठवला होता.”

“हळू बोला. जबाब पाठवल्याची नोंदवही सापडत नाही. तुम्ही फक्त एवढं लिहून द्यायचं की सातवा रकाना नमुन्यादाखल होता, भरायची सक्ती नव्हती. करार तुमचा, तुमचा शब्द चालेल.”

“पण मग ते दोघे सुटतील.”

“सुटतील किंवा नाही सुटणार. कोर्ट बघेल.” सचिवांनी खुर्ची जवळ ओढली. “हे बघा, इतक्या वर्षांनी दोन्ही सरकारं एका टेबलाशी बसलीत. एकत्र पोलीस पथक होतंय, पुलावर चौकी होतेय. आपल्याच कागदाने साक्षीदार मेला असं आज बाहेर आलं तर सगळं फिसकटेल. एका खटल्यासाठी पुढचे शंभर खून होऊ द्यायचे? बाहेर बाकावर बसा, निवांत वाचा. तुम्ही वाचल्याशिवाय सही करत नाही, मला माहीत आहे.”

मुद्दा खोटा नव्हता, आणि मसुदाकारांचं हेच दुखणं होतं: समोरच्याचा कुठलाही मुद्दा त्यांना अर्धा तरी पटायचाच. ते कागद घेऊन बाहेर व्हरांड्यात आले.

बाकावर चाळिशीची एक बाई बसली होती. उजवा हात ओढणीत गुंडाळलेला. मांडीवर वही घेऊन डाव्या हाताने काहीतरी खोडत होती.

मसुदाकार बाकाच्या पार टोकाला बसले. अक्षर त्यांनी लांबूनच ओळखलं.

“काका,” ती म्हणाली, “तुम्ही शिकलेले दिसता. एवढं वाचून सांगता का? अकरावा नंबर आहे माझा. तीनच मिनिटं देणार आहेत. मी बोलायला लागले की फाफटपसारा होतो.”

वहीत लिहिलं होतं: ‘दोन्ही सरकारांना माझा एकच प्रश्न आहे. माझ्या भावाचा पत्ता त्यांना कोणी दिला? कोर्टात मी सांगते की पत्ता जबाबातूनच गेला. वकील म्हणतो, पुरावा काय? मी कागद लिहिणाऱ्यालाही पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही.’

“चांगलं आहे,” मसुदाकार म्हणाले. वही त्यांनी तिच्याकडे सरकवली.

“लांबतंय का? ते पत्राचं काढून टाकू? गेला असेल तो बिचारा. म्हातारा असणार.”

मसुदाकारांनी तोंड उघडलं. ‘तो मीच.’ दोन तर शब्द होते. त्यांनी सचिवांच्या कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

“काय झालं काका?”

“काही नाही,” ते म्हणाले. “जरा पाणी पिऊन येतो.”

पाण्याची टाकी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होती. ते निघाले. समोरून दोन जण आले, एकाच्या अंगात ढगळ कोट. त्यातला बारकेला त्यांना म्हणाला, “अकरा नंबरवाली बाई कुठे बसलीय, आजोबा?”

मसुदाकारांनी उत्तर दिलं नाही. पण मान मागे वळली, सवयीने, कोणी काही विचारलं की वळते तशी. तेवढं त्या दोघांना पुरलं.

पुढचं सगळं पाण्याचा पेला भरायला लागतो तेवढ्या वेळात झालं. ढगळ कोटातून कोयता बाहेर आला. बाईने तो बघितला आणि ती किंचाळली नाही. तिने वही तोंडापुढे धरली आणि बाकावरून बाजूला झोकून दिलं. कोयता बाकाच्या फळीत रुतला. बारकेल्याने तिचे केस पकडून डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. भिंतीवर डाग उमटला. दारं उघडली, लोकांनी बघितलं आणि दारं लावली. आतून कड्या घातल्याचे आवाज एकामागून एक येत गेले.

एकच माणूस धावत आला, तो दरवान. त्याच्या हातात काहीच नव्हतं. त्याने कोटवाल्याला मागून मिठी मारली. “साहेब, बाईला ओढा!” तो ओरडला. “अहो, बघताय काय!”

कोटवाल्याने फळीतून कोयता उपसला आणि मागे न बघता, खांद्यावरून फिरवला. तो दरवानाच्या मानेत बसला. दरवानाने मिठी सोडली नाही. रक्त कोटवाल्याच्या पाठीवरून वाहत होतं आणि तो मागे मागे घाव घालत होता, पुन्हा तिथेच, पुन्हा तिथेच. चौथ्या घावाला मिठी सुटली.

मसुदाकार तेव्हा धावले. धावले म्हणजे काय, नेहमीपेक्षा भराभर चालले. जन्मात त्यांनी कोणाच्या थोबाडीत मारली नव्हती. मूठ कशी वळतात हेही त्यांना नीट ठाऊक नव्हतं. त्यांनी बारकेल्याच्या दंडाला दोन्ही हातांनी लोंबकळून दात रोवले. तोंडात खारट चव आली. बारकेल्याने ढोपराने त्यांच्या बरगड्या मोडल्या, तरी जबडा उघडला नाही. तो जणू अडकूनच बसला होता. बाईने खाली पडल्या पडल्या बारकेल्याचा पाय ओढला. तिघेही फरशीवर आले, तिथे रक्त पसरलेलं होतं, कोणालाच उठता येईना. बारकेल्याने कोपराने मसुदाकारांचं तोंड फोडलं. चष्मा फुटून काच भुवईत घुसली. एका डोळ्याने त्यांना दिसलं, कोटवाला कोयता घेऊन बाईवर वाकतोय.

आणि मग गोळी सुटली. पलीकडच्या सरकारचे पोलीस अधिकारी समितीच्या दालनातून बाहेर आले होते. अलीकडच्या हद्दीत त्यांना शस्त्र बाळगायची परवानगी नव्हती. ते बाळगून आले होते. कोटवाल्याचा गुडघा फुटला. त्याने पडता पडताही कोयता फेकून मारला, तो सचिवांच्या बंद दाराला लागून खणखणत खाली पडला. बारकेल्याला अधिकाऱ्यांनी फरशीवरच दाबून धरलं.

दरवान बाकाला टेकून बसला होता. त्याचे डोळे उघडे होते. मसुदाकार गुडघ्यांवर सरपटत त्याच्यापर्यंत गेले आणि त्याच्या मानेवर तळवा दाबून धरला. तळव्याखाली काहीच उसळत नव्हतं.

*

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सचिव आले. खुर्चीच्या कडेवर बसले.

“आता तर तुमच्या कागदाची जास्तच गरज आहे,” ते म्हणाले. “पलीकडचे म्हणतायत, यांना स्वतःची इमारत सांभाळता येत नाही. बाईच्या डोक्याला अकरा टाके पडलेत, पण ती शुद्धीवर आहे. आणि तोच प्रश्न विचारतेय. सगळ्यांना. झाडणाऱ्या बाईलासुद्धा.”

“कात्री,” मसुदाकार म्हणाले. ओठ शिवलेले होते, शब्द तुटक येत होते. “आपल्या कोर्टातली कात्री. आपण लिहिली नाही.”

“मला माहीत आहे.”

“तुम्हाला?”

“समोर वाचायला मीच होतो ना? तुमचं बोट अडलं ते मी बघितलं.” सचिव खिडकीकडे बघत होते. “तुम्ही पाणी मागितलंत. मी पान उलटलं.”

मसुदाकारांनी टेबलावरचा कागद सचिवांकडे सरकवला.

“मी सही करणार नाही,” मसुदाकार म्हणाले. त्यांचं आख्खं वाक्य पूर्ण झालं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

“तुमच्यावर खटला होऊ शकतो. माझ्यावरही.”

“हो.”

“करार मोडेल.”

“मोडेल किंवा नाही मोडणार,” मसुदाकार म्हणाले. “पलीकडचा तो अधिकारी आपल्या हद्दीत नियम मोडून गोळी झाडून मोकळा झाला. त्याने सांगितलंय का, की झाडली नाही म्हणून?”

सचिव उठले. दारापर्यंत गेले, परत आले आणि टेबलावरचा आपला कागद उचलून खिशात कोंबला. “माझं नाव घालणार?”

“पान उलटलंत, तेवढं लिहीन. जास्त नाही.”

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी मसुदाकार टेबलाशी बसले. बायकोने मागे उशी लावली. “दुःख झाले लिहायचं की वाईट वाटले?” तिने विचारलं. फाडलेल्या कागदाचे तुकडे तिने केरात टाकण्याआधी जुळवले होते, हे त्यांना आत्ता कळलं.

“दोन्ही नको,” ते म्हणाले. “त्याचा तिला कोर्टात उपयोग नाही.”

त्यांनी लिहिलं:

‘तुमच्या भावाचा पत्ता जबाबाच्या तक्त्यातल्या सातव्या रकान्यातून आरोपींना मिळाला. तो तक्ता मी कराराला जोडला. इकडे आरोपीला नक्कल देताना तो रकाना कात्रीने कापत, पण तसा लेखी नियम नव्हता. पलीकडे तो कापला जाणार नाही हे सहीच्या आधी माझ्या लक्षात आले होते. मी बोललो नाही. माझ्या जोडीदाराने परिशिष्टाचे पान न वाचता उलटले. कराराप्रमाणे जबाब आठ दिवसांत गेला असणार. नोंदवही इकडच्या कोर्टात हिरव्या कपाटात, वरच्या फळीवर असते. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. त्या दिवशी व्हरांड्यात तुमच्या शेजारी बसलेला माणूस मीच. तुम्ही कुठे बसला आहात हे त्या दोघांना माझ्या मान वळवण्यामुळे कळले. ते कोणी विचारणार नाही, म्हणून मीच लिहीत आहे. दरवानाच्या घरच्यांनाही मी हे सांगितले आहे.’

खाली पूर्ण सही केली. तसंच दुसरं पत्र पलीकडच्या कोर्टाच्या नावाने उतरवून काढलं. मोठ्याने वाचलं, बायकोने मूळ प्रतीवर बोट फिरवलं. दोन ठिकाणी तिने थांबवलं, दोन्हीकडे चूक त्यांचीच निघाली.

“बाईचा पत्ता?” पाकीट हातात घेऊन तिने विचारलं.

“तिला पोलिसांनी कुठे हलवलंय ते मला सांगितलेलं नाही. सांगूही नये. तिचं फक्त नाव लिही आणि खाली पलीकडच्या कोर्टाचं. ते देतील तिला.”

पोस्टाची पेटी रस्त्याच्या वळणावर होती. मोडलेल्या बरगड्यांनी तेवढं अंतर चालायला त्यांना पाव तास लागला. दोन ठिकाणी ते भिंतीला धरून उभे राहिले. पेटीपाशी पोचल्यावर कोर्टाचं पाकीट त्यांनी चटकन टाकलं. दुसरं अर्धं आत गेलं आणि बोटं ते सोडेनात.

“पाणी हवंय का?” बायकोने विचारलं.

“नको,” ते म्हणाले, आणि सोडलं. आत पडल्याचा आवाज आला नाही. पेटी बरीच भरलेली असावी.